मधली फट

…नाही हो लल्ला बतूल, घरात नाहीये ती, ओढ्यावर गेलीय घोंगड्या धुवायला — जायच्या आधी घरातलं सगळं धुऊन ठेवते म्हणाली, जसं काही तिच्यामागे आम्ही मळक्यातच लोळणार आहोत. येईल. घोंगड्या काही लगेच वाळत नाहीत. तुम्ही बसा ना, उभ्या का? तिथं भिंतीशी लोकरीचं पोतं आहे, त्याच्यावर टेका. विणायच्या मागापुढच्या त्या मेंढीच्या कातड्यांवर नको, पांढरं माझं आहे — म्हणजे काळ्यावर बसलात तरी चालेल, ती काळी बैठक तूदाची, आणि तुम्ही तूदाकडेच आला आहात — पण पोतंच बरं, मऊ आहे. बूट राहू द्या — काढलेत? बरं केलंत. मेकनेसहून इतक्या वर गाडी आली तुमची? देवदारांपर्यंत? आणि पुढं चालत, या असल्या बुटांनी? बाई बाई. म्हणजे भलतीच गरज दिसतेय तुम्हाला तिची. आमच्या खेनिफ्राच्या बाजारातले लोकसुद्धा एवढं चढून येत नाहीत, निरोप पाठवतात — दचकलात? काही नाही, साखर फोडतेय. सुळका आहे, हातोडीशिवाय फुटत नाही. तुमच्याकडे शहरात खडे मिळत असतील सारख्या मापाचे. मीही दचकते म्हणा हल्ली, दारात कुत्रं आलं तरी वाटतं तीच आली.

चहा घ्या. पुदिना तिनंच तोडून ठेवलाय सकाळी. घ्या ना, मी काही विष नाही घातलेलं — हसा, हसायचंच होतं.

तर तुम्ही तो फोटो बघितला. मला ठाऊक आहे, सगळं ठाऊक आहे. माझा धाकटा दीर, हद्दू, तूदाचा नवरा — तुमच्याच मेकनेसात बांधकामावर विटा उचलतो तो — ईदला आला होता, तेव्हा काढला त्यानं मोबाइलवर. मी होते ना इथंच, माझ्या जागेवर, हातात धागा ठोकायचा लोखंडी पंजा. म्हटलं दोघींचा काढतोय, म्हणून डोक्यावरचा रुमाल नीट केला, पाठ ताठ केली. आणि फोटोत काय? तिची बाजू. तिचं फूल. तिच्या गालावरची खळीसुद्धा आलीय म्हणे. आणि खालच्या कोपऱ्यात एक अंगठा. तुम्हाला आठवतोय का तो अंगठा? नाही ना? माझा आहे तो. हा बघा, हा.

फूल आवडलं तुम्हाला, खरं की नाही? सगळ्यांनाच आवडतं. आमच्या डोंगरात फुलं नाहीत विणत लल्ला, आमच्याकडे तिरक्या चौकटी, मुंगीची वाट, सिंहाचा पंजा — माझ्या आईनं जे विणलं तेच मी विणते, डोळे मिटून. तूदाची आई खालच्या मैदानातली, अरब. चादरींवर, उशांवर सगळीकडे फुलं भरायची. तर ही पोरगी लग्न होऊन इथं आली तेव्हा पंजा कसा धरतात तेही येत नव्हतं तिला, मी शिकवलं, मी — आणि शिकून काय केलं? आमच्या चौकटीच्या पोटात आईचं फूल नेऊन बसवलं. मी म्हटलं, अगं हे काय? तर म्हणते, "जाऊबाई, घर तुमचंच आहे, मी फक्त आत राहायला आले." तोंडाला उत्तर तयार. आता लोक येतात, आमच्या हंबलासमोर उभे राहतात — हंबल म्हणजे तुमच्या भाषेत साधी जाड सतरंजीच म्हणा, तुम्ही गालिचेवाले — आणि म्हणतात, वा, फूल काय सुंदर. चौकटीबद्दल कुणी बोलत नाही. चौकट नसती तर फूल बसलं असतं कशात? वाऱ्यावर?

एक सांगू का? तुमच्या भल्यासाठी सांगते, मला काय मिळायचंय त्यात. ती शेजारी बसवायला बाई चांगली नाही. दिसायला गोड आहे, पण शेजारी बसून बघा म्हणजे कळेल. सकाळी तोंड उघडत नाही, सूर्य त्या समोरच्या कड्यावर आल्याशिवाय हूं की चूं नाही — विचारलं तरी मान हलवते नुसती. मग एकदा गाणं सुरू झालं की थांबत नाही, तेही पुरं गाणं नाही, एकच ओळ, नाकातल्या नाकात, तीच ती, तीच ती. अक्रोड खाते मागापुढं बसून, टरफलं लोकरीत पडतात, मी वेचत बसते. थंडीत तर काही बोलूच नका, बोटं बर्फाची होतात तिची, दर थोड्या वेळानं माझ्या रुमालाखाली मानेशी खुपसते गरम करायला, मी ओरडते तर हसते. आणि रुसते. आणि लोकरीशी बोलते. खोटं नाही सांगत, लोकरीशी! "चल गं, आज तुला लाल व्हायचंय." तुमच्या त्या मोठ्या कारखान्यात चालेल का असलं? इतक्या जणी एका ओळीत बसलेल्या, पुढ्यात कागद, कागदावर नक्षी काढलेली, कुणीतरी मोठ्यानं सांगणार दोन लाल, तीन निळे — आणि ही नाकात गाणार. तुम्हीच वैतागून परत पाठवाल तिला. तर मग न्यायचीच कशाला, मी म्हणते.

आणि डावखुरी आहे. हे हद्दूनं सांगितलं का तुम्हाला? नसेलच. सगळं डाव्या हातानं. चातीसुद्धा उलटी फिरवते, त्यामुळे तिनं कातलेल्या लोकरीचा पीळ उलटा पडतो, कुठंही ओळखावा. इथं आली तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या, हिला कुणाच्या शेजारी बसवणार, कोपर लागेल. मी म्हटलं, माझ्या. मी इथं डावीकडे, ती उजवीकडे. आता बघा, माझा चालता हात उजवा, तिचा डावा — म्हणजे दोघींचे चालते हात कुठं आले? मधे. बरोबर मधे. हंबल दोघींचा असला तरी धागा एकच असतो लल्ला. माझ्या काठापासून निघतो, मी माझ्या ताण्यांतून नेते, मधे आला की तिच्या हातात देते, ती तिच्या काठापर्यंत नेते, तिथून वळवते आणि परत मधे माझ्या हातात. बोटाला बोट लागतं. बघावं लागत नाही. आंधळ्या झालो असतो तरी जमलं असतं. दुसऱ्या बायकांना एकमेकींना हाक मारावी लागते, "घे गं," "दे गं," आम्हाला कधी नाही. माझा नवरा, मोहा, तो म्हणतो, "खरं लग्न तुमच्या दोघींचं लागलंय, आम्ही भाऊ नुसते वऱ्हाडी." त्याचं काय, त्याला बोलायला काही तरी हवं. भाकरी घ्या ना, तेलात बुडवून घ्या, आमच्याच झाडांचं तेल.

मला सांगा — सहज विचारते हं — तुमच्याकडे तिच्या शेजारी कोण बसणार?

तुम्ही?

तुम्ही स्वतः? मला वाटलं तुम्ही मालकीण, तुम्ही खुर्चीवर बसून बघत असाल. नाही, चांगलं आहे, चांगलंच आहे की. हात बघू. द्या इकडे, लाजता कशाला. मऊ आहेत. इथं बोटाला घट्टा आहे थोडासा, म्हणजे अगदीच काही… बरं. बरं. आणि तुम्ही उजव्या की डावऱ्या? उजव्या. मग तुम्हाला डावीकडे बसावं लागेल. तिच्या डावीकडे. म्हणजे माझ्या — म्हणजे मी जिथं बसते तिथं. हो, आलं लक्षात. आलं. थोडा चहा घालू का अजून? निवलाय, तसाच पिते मी.

विणून कधी होणार म्हणता? झालंच आहे जवळजवळ. तिची बाजू तर झालीसुद्धा, वरच्या लाकडाला टेकली. माझी राहिलीय, चार बोटं. चार बोटं म्हणजे काय लल्ला, बसलं तर दुपारभराचं काम. पण बोट कापलंय ना माझं. हे. हे नव्हे, त्या हाताचं. बरं झालंय वरून, आत दुखतं. शिवाय चीक काढायचा होता गाईचा, ती व्यालीय — खरवस द्यायला हवा होता तुम्हाला, संपला. शिवाय थंडी. शिवाय घाई कुणाला आहे? तुम्हाला आहे, ठाऊक आहे, तुमची गाडी खाली उभी आहे. हद्दूही रोज फोनवर ओरडतो. "वहिनी, तिकडे खोली घेतलीय, तिला पाठव, लल्ला बतूल दुसरी कुणी तरी घेतील." घेऊ द्या की. खूप जणी आहेत. पण तो माझ्यावर ओरडून काय उपयोग? जिवंत माग मागे ठेवून आमच्यातली बाई घर सोडत नाही. तूदा स्वतःच म्हणाली, "हंबल उतरल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही." आम्ही ताणे ताणतो ना, तेव्हापासून त्याच्यात जीव असतो. जन्मतो, वाढतो, आणि दोन्ही बाजू वर पोचल्या की मग कापायचा — कापायच्या आधी त्याच्यावर पाणी शिंपडतात, कलमा म्हणतात, जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात तसं. एकीनं धरायचं, दुसरीनं कापायचं. एक बाजू अर्धी असताना कसा कापणार? अर्धमेलं माणूस पुरतात का कुणी?

तेव्हा माझं बोट बरं होईपर्यंत… असं माझ्याकडे बघू नका. मी मुद्दाम करतेय असं वाटतंय का तुम्हाला? मी? मला उलट बरंच होईल ती गेली तर. मागावर सगळी जागा माझी. दोन्ही बाजूंना चौकटी घालीन, एकही फूल नाही.

बघायचा आहे? आत्ता? चादर टाकलीय मी त्याच्यावर. धूळ बसते हो. परवापासून टाकलीय, मी पण नाही बघितला परवापासून — काय बघायचं त्यात, माझाच तर आहे. तूदा आल्यावर बघा ना. नाही? बरं बाई, तुम्ही आता एवढं चढून आला आहात. थांबा, वरची गाठ सोडते… धरा जरा ते टोक. हं. हा बघा.

सुंदर? हो. आहे खरा. डाळिंबाच्या सालीचा आहे तो पिवळा, लाल मुळांचा. मी रंगवलाय सगळा, हे फोटोत दिसत नाही. या बाजूला या, इकडून उजेड आहे. तिची बाजू बघितलीत, आता माझी बघा. घट्ट आहे की नाही? हात फिरवा. तिची सैल आहे जराशी — नाही? सारखीच वाटते? बरं, शहरातल्या हातांना वाटत असेल.

ही मधली फट? ते… ती नक्षीच आहे आमची. अशी ठेवतात. दृष्ट लागू नये म्हणून. — नाही, तुम्हाला खोटं काय सांगू, तुम्हीही विणता. फट कशी पडते ते तुम्हाला ठाऊक आहे. मधे आल्यावर धागा दिला नाही, आपापला धागा आपापल्या बाजूला मागे वळवला, की दोघी वेगळ्या वाढतात आणि मधे जागा राहते. खाली बघा, खाली कुठं आहे फट? पार तिथपासून एकसंध आलोय आम्ही. इथं, या चौकटीच्या वर, इथून सुरू झाली. ज्या दिवशी हद्दूचा फोन आला की मेकनेसच्या एक बाई फूल बघून वेड्या झाल्यात, त्या दिवशी. ती फोन ठेवून आली, तिथं बसली, काळ्या बैठकीवर. तोंड लाल झालेलं. आनंदानं, दुसरं कशानं? मी माझी ओळ विणत मधे आले, तिनं हात पुढे केला नेहमीसारखा, आणि मी — म्हणजे तिनं — तिनं धागा घेतला नाही. हो. तिनंच. तिला आता आमचा धागा कशाला हवा? म्हणून मग मी मागे वळवला, करणार काय.

हात पुढे केला होता तर घेतला कसा नाही, म्हणता?

लल्ला, तुम्ही फार बारीक ऐकता हो. चहा पिताना माणसानं इतकं बारीक ऐकू नये.

घेतला नाही म्हणजे नाही. किती वेळ तो हात तसाच मधे धरून बसली होती. बोटं पांढरी. मी बघितलंच नाही तिकडे. मग काढून घेतला. मग तिनं तिचा धागा घेतला, वेगळा, आणि विणायला लागली — आणि काय सुटली म्हणता! गाणं नाही, अक्रोड नाही, खाली मान, वर, वर, वर, लाकडाला टेकेपर्यंत. माझ्याशी शर्यत लावल्यासारखी. मी कशाला धावू तिच्यामागे? मी थांबले. ती म्हणाली असती ना, जाऊबाई, मी नाही जात — एवढंच तर… किंवा जाते म्हणाली असती तरी चाललं असतं, माझ्याकडे बघून म्हणाली असती तर. तर ही घोंगड्या धुते! कपाट पुसते! मला म्हणते, भाकरी भाजायला भट्टीवर आज तुम्ही जा, माझा हात दुखतोय. तिचा हात कधी दुखला नाही इतक्या वर्षांत.

घाला, त्या फटीत बोट घाला, खुशाल घाला, पलीकडचा उजेड दिसतो त्यातून. मी बसून बसून बघत होते परवा, तिकडची भिंत दिसते, भिंतीवरचा खिळा दिसतो. बसा हवं तर खाली, वाकून नाही दिसायचं. घातलंत?

जात नाही?

कसं जात नाही. चांगलं अख्खं बोट जायचं. सरका जरा — नाही, बसा, बसा, मी वरून बघते. इथंच तर होती. चादर टाकली तेव्हा होती.

टाके आहेत हे.

कुणी… मोहा? मोहाला सुईत दोरा ओवता येत नाही, बटण तुटलं तर आठवडाभर उघडा फिरतो. आणि कुणी घरात… हात नका लावू. म्हणते ना हात नका लावू, मला बघू द्या. ही लोकर माझी नाही. पीळ उलटा आहे. बघा, सोडलं तर या बाजूला सुटतो — उलटा. म्हणून भट्टीवर जा म्हणाली सकाळी. मी तिथं धुरात भाकऱ्या भाजतेय आणि ही इथं चादरीखाली… आणि टाके तरी कसे घातलेत, वाकडे, एक इकडे एक तिकडे, एवढी चांगली सुई चालते तिची, रडत घातले की काय — आणि निळी लोकर कशाला घ्यायची, लालात निळं दिसतं, सगळ्यांना दिसणार आता, जन्मभर दिसणार. लाल होती की टोपलीत. होती. मुद्दाम निळी घेतलीय.

इथंपर्यंतच घातलेत. माझी ओळ जिथं थांबलीय, बरोबर तिथपर्यंत. त्याच्या वर नाही.

आणि सुई काढली नाही. माझ्या बाजूला खोचून ठेवलीय. धागा बघा केवढा सोडलाय — हा टाक्यांचा नाही, टाक्याला एवढा कशाला लागतो. हा काठापर्यंत जाईल. माझ्या काठापर्यंत.

…

तिच्या बाजूनं आलाय तो.

…

काय म्हणालात? नाही, काही नाही झालं मला. डोळ्यात लोकर गेली. लोकर उडते इथं.

लल्ला, उठा.

नाही, नाही, चांगल्या आहात तुम्ही, तुमच्यावर राग नाही माझा, तुमचं काम चांगलं असणार, तुमचे गालिचे मोठमोठ्या घरांत जात असतील. पण उठा. ती पांढरी बैठक आहे. काळीवर बसला असतात तर एक वेळ — पण तुम्ही पांढरीवर बसलात, ती माझी आहे. मेकनेसला तुमची तुम्ही घालून घ्या, तिच्या डावीकडे, मेंढ्या काय, मेंढ्या सगळीकडे मिळतात. इथं नाही. हं. असं.

बूट घाला. घाईनं नाही, सावकाश घाला. आणि ओढ्यावरून जा, खाली उतरताना उजव्या हाताला, पाण्याचा आवाज येईल. तिला म्हणावं, घोंगड्या तशाच राहू देत, मी धुईन उद्या. म्हणावं — नाही, काही म्हणू नका. नुसतं म्हणावं, वर ये, चार बोटं राहिलीयत आणि जाऊबाईंचं बोट दुखतंय. तिला कळेल. सूर्य मावळायच्या आत होईल, दोघी बसलो तर. मग घेऊन जा. मी अडवणार नाही. तुम्ही तिच्याबरोबर वर या, पण बाहेरच थांबा, दारातसुद्धा नको. हंबल कापताना परक्यानं बघायचं नसतं.

चहा? चहा बाहेर पाठवते. दार ओढून घ्या.